वरणावरचा आळ

शनिवार, संध्याकाळ. अचलपूर.

बरेच दिवस झाले, घरात वरण शिजलं नाही. जेवण झालं की यांचं पोट फुगतं, ढोलासारखं वाजतं, अन् आळ माझ्या तुरीच्या वरणावर. वरण बंद केलं तरी फुगतंच. बाजारात न विकलेली पत्ताकोबी हे रोज मीठ लावून कच्चीच खातात. एकदा बोलले, तर म्हणे, "आपल्या मळ्यातलं कधी बाधते काय?"

मळा यांचा, वरण माझं.

म्हणून उरलेली कोबी परवापासून गुपचूप बकरीला टाकते. यांचं पोट उतरलं. "पाह्य, वरण सोडल्याचा गुण आला," म्हणे.

आज बकरीच फुगून बसली. यांनी तिचं पोट वाजवून पाहिलं. तोच ढोल.

"इनं तं वरण नाई खाल्लं," मी म्हटलं.

खुंट्यापाशी कोबीची पानं पडली होती, ती यांनी पाहिली. बकरीला गोडं तेल पाजलं, ती सावरेपर्यंत शेजारी बसून राहिले.

मग जेवायला आले. ताटाकडे पाहत म्हणाले, "आज तुरीची दाय नाई शिजवली काय?"