डबाबंद भरीत आणि रजेचे कारण

१ नोव्हेंबर १९५३, रविवार. पहाटे ५ वा. १० मि.

नवी वही. आजपासून नोकरी संपली. (अर्ज उद्या द्यायचा आहे. मनाने संपली.)

जळगावच्या तेलगिरणीच्या कचेरीत एकवीस वर्षे, दोन महिने. पैकी नऊ वर्षे हेडक्लार्क. शाळा मराठी सातवीपर्यंत, बाकी सर्व स्वतः शिकलो. इंग्रजी डिक्शनरी A पासून P पर्यंत पाठ आहे. असा माणूस दुसऱ्याच्या गिरणीची पत्रे लिहीत बसला, ही चूक माझी. आता दुरुस्त करतो.

उद्योग: डबाबंद भरीत. हिरवे वांगे, कपाशीच्या काड्यांवर भाजलेले, ठेचून, फोडणी देऊन, पत्र्याच्या डब्यात हवाबंद. मुंबईत खानदेशी माणूस आहे, पण त्याला भरीत नाही. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाच्या डोक्यात आली नाही. लायब्ररीतले भाज्या डबाबंद करण्याचे इंग्रजी पुस्तक तीनदा वाचून काढले.

सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "बरं." पाठिंबा पूर्ण आहे.

२ नोव्हेंबर, सोमवार.

तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज दिला. 'कारण' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले: स्वतंत्र उद्योग उभारणे.

सुकदेवने अर्ज वाचला. माझ्या हाताखालचा कारकून, मीच तयार केलेला. म्हणाला, "नाना, आजारपण लिहून टाका ना. मुख्य कचेरी धुळ्याला, तिथून कोण बघायला येतं?" त्याला सांगितले, एकवीस वर्षांत मी एक दिवस आजारी पडलेलो नाही आणि खोटे लिहायची मला सवय नाही. तीन महिने माझी खुर्ची तो सांभाळील. खुर्चीचा डावा हात ढिला आहे, ते दाखवून दिले.

१० नोव्हेंबर, मंगळवार.

मेहरूणला उखर्डूच्या मळ्यात जागा ठरली. वांगी त्याचीच. काड्या फुकट. डबे गावातला गिरधर करून देईल. त्याला उंची सव्वाचार इंच सांगितली होती, पहिला नमुना चार पूर्णांक तीन अष्टमांश भरला. परत केला.

उखर्डूने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "नाना, भरीत इकत कोन ली? भरीत खावाले ते बलावतस."

शेतीचे ज्ञान आहे त्याला. व्यापाराची दृष्टी नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार. रात्री ८.

पहिले डबे २४. एकही गळत नाही. पुस्तकातली मिनिटे घड्याळ हातात धरून पाळली. भाजणे, सोलणे, ठेचणे सौ.कडे. देखरेख माझ्याकडे.

१८ नोव्हेंबर.

धुळ्याचा शेरा आला. 'नमूद कारण रजेस पात्र नाही. ३० जानेवारीपर्यंत पात्र कारण कळवावे. अन्यथा नाव पटावरून कमी करण्यात येईल.'

म्हणजे ताप आला तर रजा मिळते, आणि डोक्यात कल्पना आली तर मिळत नाही. सुकदेव कोरा फॉर्म घेऊन घरी आला होता. "एक शब्द, नाना. नोकरी राहील." फॉर्म ठेवून घेतला नाही. चहा मात्र दिला.

२२ नोव्हेंबर, रविवार.

मळ्यात जाहीर प्रात्यक्षिक. आमंत्रित ४०. हजर ६३. प्रत्येकासमोर डबा उघडून ताटात वाढला, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पानात काही उरले नाही. "नाना, हात सोन्याचा हो तुमचा," असे निदान अकरा जण म्हणाले. (हात सौ.चा होता. पण पद्धत माझी.)

विक्री: नाही.

उखर्डू ताटे गोळा करताना म्हणाला, "बठ्ठं गाव जेवी गयं. कोनी डबा इचारा का?"

२३ नोव्हेंबर.

कालच्या चुकीचा शोध लागला. भाकरी. भाकरी दिल्यामुळे प्रात्यक्षिकाचे जेवण झाले. माणूस नुसते भरीत चाखील, त्याला आणखी हवेसे वाटेल, डबा विकत घेईल. पुढच्या वेळी भाकरी नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार.

हजर ८१. भाकरी घरून आणल्या होत्या. फडक्यात बांधून. कांदेही.

३ डिसेंबर.

आळीतली सात घरे चंपाषष्ठीपर्यंत वांगे खात नाहीत, असे आज कळले. हे सौ.ने आधी सांगायला हवे होते. ती म्हणते सांगितले होते, तेव्हा मी मिनिटे मोजत होतो.

६ डिसेंबर, रविवार. मुक्काम धुळे, देवपूर.

मेव्हणे पंडितराव यांच्याकडे. शाळामास्तर, सुरक्षित माणूस. ३६ डबे आणले आहेत. जळगावात माणसे ओळखीची, म्हणून फुकट खातात. धुळ्यात तसे होणार नाही.

सहा दुकाने, दोन हॉटेले झाली. एका हॉटेलवाल्याने डबा हातात फिरवून पाहिला आणि विचारले, "यात कालचं भरीत आहे?" मी म्हणालो, तीन आठवड्यांपूर्वीचे. त्याने डबा हळूच टेबलावर ठेवला.

पंडितरावांनी रात्रीच्या जेवणाला चार जणांना बोलावले. डबे त्यांनी उघडले. सहा. विकत का, असे विचारणे मला बरे दिसेना.

७ डिसेंबर, सोमवार. पहाटे ४.

झोप नाही. मुख्य कचेरीला पत्र लिहिले. नऊ पाने. विषय: उद्योग हा प्रत्येकाने करावा काय? उत्तर: होय. प्रत्येकाने. नोकरी म्हणजे शहाण्या माणसाने मूर्ख माणसाला दिलेली सवलत. देशात प्रत्येक हेडक्लार्क उद्योजक झाला तर कचेऱ्या आपोआप बंद पडतील, हा मुद्दा पान ६ वर. पान ७ ते ९ भरीत.

सकाळी १०.२० ला स्वतः नेऊन दिले. पोच घेतली. स्थळप्रत माझ्याकडे आहे.

१३ डिसेंबर, रविवार.

चंपाषष्ठी झाली. सातही घरे आता वांगे खातात. प्रत्येक घरात भरीत केले होते. सातांनीही आमच्याकडे वाटीभर पाठवले.

२१ डिसेंबर, सोमवार.

पहिली विक्री. वहीत तांबड्या शाईने लिहीत आहे. नशिराबादची एक बाई, बाजाराला आली होती. डबा उलटासुलटा करून पाहिला, झाकणावर टिचकी मारली, तीन घेतले. सव्वाचार इंचांचा आग्रह धरला, त्याचे हे फळ. जाताना तिने विचारले, "रिकामा डबा नही शे का, भाऊ? सस्ता पडना असता."

माल तिला आवडला आहे.

२९ डिसेंबर.

सुकदेव रस्त्यात भेटला. फॉर्मचे नाव काढले नाही. "तब्येत कशी आहे, नाना?" उत्तम, म्हणालो. "झोप लागते ना?" हा प्रश्न त्याने का विचारला कळत नाही. खुर्ची जाईल म्हणून धास्तावला असावा.

५ जानेवारी १९५४, मंगळवार.

५१ दिवसांचा डबा उघडला. वास उत्तम. रंग जसाच्या तसा. चव तीच. शास्त्र सिद्ध झाले. हे आज जळगावात मी एकटा जाणतो.

चवीची दुसरी साक्ष हवी म्हणून सौ.ला दिला. तिने वाटी बाजूला सरकवली. महिनाभर दोन्ही वेळा भरीतच आहे, हे खरे. पण कारण निराळे निघाले: तिची बोटे भाजली आहेत. भाजलेली वांगी गरम असतानाच सोलायची, असे पुस्तकात आहे. उजव्या हाताची तीन बोटे आणि डावा अंगठा. उत्पादन चार दिवस बंद ठेवावे लागणार.

तेव्हा ती म्हणाली, "उद्योग प्रत्येकानं करावा असं धुळ्याला नऊ पानं लिहिलंत ना? त्या प्रत्येकात मी येते का, ते कितव्या पानावर आहे?"

स्थळप्रत तपासली. तसा उल्लेख नाही. पुढच्या पत्रात घालीन.

११ जानेवारी.

सौ. धुळ्यास माहेरी गेली. चार दिवसांसाठी म्हणाली. मोठी ट्रंक नेली.

१९ जानेवारी.

भाजणे, सोलणे, ठेचणे स्वतः केले. डबे ३. एक गळतो.

२४ जानेवारी, रविवार.

उखर्डूने वांगी मंडईत न्यायला सुरुवात केली. मळ्यातली जागा रिकामी करायला सांगत नाही, पण डब्यांवर कांदे वाळत घातले आहेत. "ऱ्हाऊ द्या नाना, डबा जुना व्हत नही ना?" असे म्हणाला. शास्त्र पटले आहे त्याला.

२८ जानेवारी. रात्री.

विचारपूर्वक निर्णय. उद्योग बंद नाही, स्थगित. भांडवल उभे करण्याकरिता काही काळ नोकरीत राहणे, हा उद्योगाचाच भाग धरावा. रकान्यात आजारपण लिहीन. एक शब्द आहे. तो लिहिल्याने मनुष्य आजारी होत नाही.

चौदा वेळा कच्च्या कागदावर लिहून पाहिला. अक्षर बिघडते आहे.

३० जानेवारी १९५४, शनिवार.

११ वाजता कचेरीत गेलो. सुकदेव उठून उभा राहिला. खुर्चीचा डावा हात त्याने दुरुस्त करून घेतला आहे.

फॉर्म मागितला. तो म्हणाला, "कशाला, नाना? झालंय सगळं." कपाटातून माझी फाइल काढली. वाचले:

'रजा मंजूर, दि. १० डिसेंबर. प्रकार: आजारपण. पुरावा: अर्जदाराचे नऊ पानी पत्र, सोबत जोडले आहे. शेरा: परतल्यावर हलके काम द्यावे.'

पाने मोजली. नऊच होती. पान ६ च्या समासात कोणीतरी पेन्सिलीने बारीक फुली केली आहे.

मला का कळवले नाही, असे विचारले. सुकदेव खाली बघून म्हणाला, "कळवलं असतं तर तुम्ही दहावं पान लिहिलं असतं, नाना. मग मलाही वाचवता आलं नसतं."

सही केली.

१ फेब्रुवारी, सोमवार.

८ वाजता हजर. आवक-जावकचे टेबल, खिडकीजवळ. पाकिटे फोडणे, शिक्का मारणे. खुर्ची लोखंडी. जो येतो तो हळू आवाजात बोलतो. शिपायाने न मागता पाणी आणून ठेवले.

आवक ४, जावक २.

पाचवे पत्र माझ्या नावाचे होते, कचेरीच्या पत्त्यावर. पंडितरावांचे कार्ड. 'प्रकृतीस आराम पडून कामावर रुजू होणार असल्याचे मुख्य कचेरीतून कळले. बरे वाटले. तुम्हाला आजार होता हे आम्हास आधी कळते तर त्या रात्री जेवताना डब्यांवरून थट्टा केली नसती. अक्का गुरुवारी येईल. बोटे बरी आहेत. घरात वांगी नसावीत, असे तिने लिहावयास सांगितले आहे.'

उत्तर लिहिण्यास अर्धा तास गेला. चार शब्द.

'प्रकृती ठीक. जरूर यावे.'