दाराची चौकट

आबा,

आईच्या वर्षश्राद्धाला पिंपळीच्या स्टँडवर फ्लेक्स लावायचा म्हणून तुम्ही तिचा चांगला फोटो मागितला. बारामतीत दिवसभर मी लोकांचे फ्लेक्सच बनवते, त्यामुळं हे काम माझ्याकडंच येणार होतं. पण आईचा एकटीचा फोटोच नाही. सत्यनारायण असो, दादाचा साखरपुडा असो, आपण सगळे पुढं बसलेलो आणि ती मागं स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा ट्रे.

शेवटी कंटाळून सगळे फोटो पुसट केले आणि कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवले. वाटलं, तिचा चेहरा गडद होत येईल. झालं भलतंच. तुम्ही, दादा, पाहुणे, सगळ्यांचा मिळून हिरवा-तांबडा धूर झाला. तिचाही चेहरा उरला नाही, कारण दर फोटोत ती आत वळायच्या बेतात होती. सगळे फोटो आपल्याच पुढच्या खोलीत, एकाच जागेवरून काढलेले, म्हणून स्पष्ट राहिली ती फक्त दाराची चौकट.

दुसरं काही करायचं त्राण नव्हतं. तेच चित्र तुम्हाला मोबाईलवर पाठवलं. काल तुमचा फोन आला, "आगं, ह्यात तुझी आई कुठं हाय?"

"दुसरं बनवते," म्हणाले आणि फोन ठेवला. पुढचं बोलायचा धीर झाला नाही, आणि हे पत्रही मी टाकायची नाही.

आबा, रानातून आल्या आल्या, चपला काढता काढता, तुम्ही रोज हेच विचारायचा. आणि रोज ती त्याच चौकटीत, तुमच्यासमोर उभी असायची.

तुमची,
रेश्मा