जपानच्या कुस्तीत तीन मोजतात

२ फेब्रुवारी
गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी आलो. धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलंय, मांडी घालायची नाही, तालमीत उतरायचं नाही, पायरीसुद्धा जपून. मग दिवसभर करायचं काय, ते नाही सांगितलं. पुढच्या खोलीत खाट, समोर टीव्ही. सुमन म्हणाली, "जलमभर घरात ठरला न्हाईत, आता बसा." बायकोला आनंद झालाय की राग काढतीय, कळायला मार्ग नाही.
रोज लिहायची सवय वस्तादांनी लावली. जोर किती, बैठका किती, कुणाशी लढत धरली. आता लिहायला तेही नाही.

५ फेब्रुवारी
आज पहिल्यांदा जपानची कुस्ती बघितली. आमच्या पोरानं, रणजितनं, टीव्हीला यूट्यूब जोडून दिलंय. रिमोटात तोंड घालून "कुस्ती" म्हणालो, तर एकामागं एक सुरू.
माती नाही. चौथरा, भोवती दोर. लंगोट नाही, हलगी नाही, एका गड्याच्या केसाला पिवळा रंग. त्या पिवळ्यानं दुसऱ्याला उचलून आपटला, दोन्ही खांदे खाली टेकले. मी खाटेवरनं ओरडलो, "झाली! चीत!" सुमन पिठाचे हात घेऊन पळत आली, तिला वाटलं मीच पडलो. इकडं टीव्हीवर पंच पालथा पडून हातानं जमीन बडवतोय. एक, दोन... आणि तिसऱ्याच्या आत खालच्यानं खांदा उचलला. कुस्ती परत चालू! परत चीत, परत एक-दोन, परत उठला. हा कुठला कायदा? आमच्यात पाठ लागली की संपलं, बाप आला तरी परत उभं करत नाही.
बंद केला.

६ फेब्रुवारी
परत लावला. शिव्या द्यायला काहीतरी पाहिजेच.
दोघं समोरासमोर उभे राहतात. एकानं कोपर हाणायचं, दुसऱ्यानं खायचं, मग याची पाळी. चुकवायचं म्हणून नाही. रणजित तालमीतनं आला, बघून हसला. "अप्पा, हे समदं ठरवून असतंय. कोण जिकणार, आधीच ठरतंय."
"म्हंजे नुरा?"
"व्हय. पर बघणाऱ्याला बी ठावं असतंय."
ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्यात नुरा म्हणतात, आणि तो शब्द एकदा चिकटला की माणसाचा लंगोट उतरल्यासारखंच असतं. तिथं हजारो लोक तिकीट काढून नुरा बघायला येतात. डोकं चालेना. 

९ फेब्रुवारी
त्यांच्यात एक म्हातारा आहे. माझ्याच वयाचा असेल. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, जिना उतरावा तसा चालतो. समोर तरणा गडी. तो छातीवर चापट हाणतो तेव्हा आवाज भिंतीवरनं परत येतो, छाती लाल बुंद. निकाल ठरवलेला असेल, लाली कुठनं ठरवून आणणार? म्हातारा पडला. एक, दोन. उठला. बघणारे सगळे पायांनी जमीन बडवायला लागले. परत पडला. परत उठला.
शेवटी हरलाच. तरण्यानं वाकून नमस्कार केला आणि लोक म्हाताऱ्याच्या नावानं ओरडत राहिले. हरलेल्याच्या नावानं!
डोळ्यात पाणी आलं. नेमकी सुमन चहा घेऊन आली. "गुडघा दुकतोय का?" व्हय म्हणालो.

११ फेब्रुवारी
दिवसभर तोच म्हातारा डोक्यात. राग येतोय त्याचा. स्पष्टच लिहितो, जळतोय मी त्याच्यावर.
माझी शेवटून दुसरी मोठी कुस्ती. परगावचं मैदान, रणजित तेव्हा पाळण्यात. समोरचा माझ्यापेक्षा हलका होता, मी जिंकणार हे गावानं धरूनच टेम्पो भरून आणलेला. हातात हात घेतला आणि त्यानं ढाकेचा डाव कधी लावला मला कळलं नाही. आभाळ दिसलं. बस, एवढंच. खरा हरलो. चांगल्या गड्याकडनं, चांगल्या डावावर, स्वच्छ हरलो.
येताना टेम्पोत एक माणूस बोलला नाही. दुसऱ्या दिवशी वस्ताद म्हणाले, "बोलणं कुणासंगं झालतं?" ज्यांनी मला लंगोट बांधायला शिकवलं ते वस्ताद. मी आईची शपथ घेतली. ते म्हणाले, "शपथ नुरावालाच घेतो."
पुढची कुस्ती जिंकलो, तर पारावर म्हणाले, यंदा आपल्या बाजूनं ठरलं वाटतं. त्यानंतर मैदानात उतरलोच नाही. नुसती पोरं घडवली. वस्ताद म्हणून हाक मारतात, पाया पडतात, पण जुनी माणसं अजून कडेनं बघतात.
आमच्यासाठी कुणी तीन मोजले नाहीत.

१४ फेब्रुवारी
यात्रा कमिटीचे दत्तूअण्णा येऊन गेले. गुडघ्याची चौकशी, चहा, इकडचं तिकडचं. मग मुद्दा. यंदा शेवटच्या मानाच्या कुस्तीला सोलापूरकडचा नावाजलेला पैलवान येतोय आणि त्याच्यासमोर आमचा रणजित. छाती भरून आली. तेवढ्यात म्हणतात कसे,
"वस्ताद, रणजितनं त्येला अर्धा घंटा खेळवायचं. मंग पडायचं. पाव्हण्याला चीत करून लावून दिलं तर फुडल्या साली मोठं कोण यील? अन् दोन मिंटात संपली तर लोकान्नी काय बघायचं?"
मी म्हणालो, चालते व्हा.
"तुमाला काय नवं हाय व्हय त्यात?" असं म्हणाले. हसत. वाईट हेतू नसेल त्यांचा, म्हणूनच जास्त लागलं. मला उठून दार दाखवता येईना, म्हणून ते आरामात चहा संपवून गेले.

१५ फेब्रुवारी
रणजितशी भांडण. दत्तूअण्णा त्याला आधीच भेटले होते म्हणे. म्हणजे माझ्याकडं फक्त मान ठेवायला आले.
मी म्हणालो, हर, न्हाईतर जिंक, पण खरं. तो खाली बघून म्हणाला, "अप्पा, तुमी रोज बघताव की जपानचं. त्या म्हाताऱ्यापायी डोळे पुसताव. त्ये काय खरं व्हतं?"
"त्ये सांगून करत्यात. तू लपवून करणार."
"सांगितल्यावर आपल्या मैदानात कोण येतंय?"
"तुझ्या बापाला लोकान्नी काय म्हणलं, ठावं हाय न्हवं?"
"ठावं हाय. म्हणून तर इचारतो. तुमी खरं लढून काय मिळालं?"
हात उचलला मी. पंचविशीतल्या पोरावर. तो मागं सरला नाही, उभा राहिला. मग मीच हात खाली घेतला. करणार का नाही, ते त्यानं सांगितलं नाही. "बघू" म्हणाला आणि गेला.

१९ फेब्रुवारी
चार दिवस बोलणं बंद. टीव्हीही बंद. रणजित पहाटे जातो, दूध-बदाम घेतो, परत जातो. मेहनत तर खरी करतोय. नुरा करणारा एवढी मेहनत कशाला करील? का नुऱ्यालाच जास्त लागते? अर्धा घंटा दम धरायचा म्हणजे...
सुमन म्हणाली, "तुमी दोघं बी मातीतलीच माणसं. घरात बोलायचं कुणी शिकिवलंच न्हाई."

२३ फेब्रुवारी
टीव्ही लावला. या वेळी पडणाऱ्याकडंच बघितलं. पडताना हनुवटी छातीला लावतात, हात पसरून टेकवतात. म्हणजे मार अंगभर वाटला जातो. पाठीवर कसं पडायचं हे ते वर्षानुवर्षं शिकत असणार. आम्ही पोरांना पाठीवर पडायचं कधी शिकवत नाही. पाठ लागूच द्यायची नाही, एवढंच शिकवतो. लागल्यावर काय करायचं, ते ज्याचं त्यानं बघावं.
ठरवून पडल्याच्या खुणा ओळखायच्या म्हणून बघत होतो. जत्रेत उपयोगी पडतील.

२६ फेब्रुवारी
जत्रा. मला खुर्ची टाकून मैदानाच्या कडेला बसवलं. हलगी सुरू झाली आणि गुडघा विसरलो.
रणजितनं मातीला हात लावून कपाळाला लावला. माझ्याकडं बघितलं नाही. पाहुणा अंगानं दीडपट. आधी नुसती झोंबाझोंबी. मग पाहुण्यानं ताबा घेतला, रणजित खाली, पाहुणा घिस्सा डाव मारायला बघतोय, आणि पोरगं मातीत हात रुतवून बसलंय. निसटला! लोक उभे. रणजितनं पट काढला, पाहुणा एका पायावर आला, दोन वीत राहिली होती जमीन. गेला, गेला म्हणून मीही ओरडलो. तेवढ्यात रणजितचा मागचा पाय सरकला. पाहुण्यानं वरनं फिरवला. दोन्ही खांदे टेकले. चीत.
त्या घडीला मी फक्त त्या पायाकडं बघत होतो. माती तिथं ओली होती. पण रणजितला ओली माती माहीत असते, लहानपणापासून. पाय सरकला तेव्हा हनुवटी... हनुवटी छातीला होती का? समोरचा माणूस उभा राहिला मध्ये. नाही दिसलं. उभी हयात मातीत गेली, कुठल्या पोराचा श्वास कधी तुटणार हे लांबनं सांगतो मी, आणि पोटच्या पोराची कुस्ती मला ओळखता आली नाही.
लोकांनी रणजितला खांद्यावर घेतला. हरलेल्याला. फेटा बांधला. म्हणत होते, काय लढलं पोरगं! एकाच्याही तोंडात नुरा नाही. दत्तूअण्णा माझ्याकडं बघून हसले. ते नेहमीच हसतात.

२७ फेब्रुवारी
रात्री झोप नाही. सकाळी रणजित खाटेजवळ खाली बसून भाकरी खात होता. मानेवर ओरखडे, कानाच्या पाळीत अजून माती. सुमन मुद्दाम चुलीकडं गेली.
विचारायचं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण खरा हरला असेल, तर विचारून मी तेच करणार जे वस्तादांनी माझ्याशी केलं. आणि ठरवून हरला असेल तर तो मला सांगून मोकळा होईल, पोरगं खोटं बोलत नाही माझ्याशी. मग मी काय करू? त्याला मांडीवर घेऊ का घराबाहेर काढू? दोन्हीची ताकद नाही.
"अप्पा," तो म्हणाला. मान वर केली नाही. "कायतरी इचारायचंय न्हवं तुमाला?"
"जेव आधी," म्हणालो.
तो जेवला. ताट घेऊन उठला, दारात जरा थांबला. मी भिंतीकडं तोंड केलं.