मोठी टाकी

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. चार दिवस मी पिकअपखालीच आहे. जुनी सत्तर लिटरची टाकी उतरवून एकशे चाळीसची बसवतोय. गॅरेजचे वस्ताद म्हणतात, टाकी धरायचे पट्टे जाड लावू, पण गाडी मागून दबेल, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पान वाढवावं लागेल. तुझी भावजय म्हणते, आता गाडीतच बिऱ्हाड करा.

काय करू, बसलो की उठतो. पेशंट आणायला इथून तुझ्या दवाखान्यापर्यंत जाऊन-येऊन आठशे किलोमीटर, मध्ये एक पंप नाही. त्या दिवशी जादा डिझेलचा कॅन गळला आणि तुझ्या गावच्या गुरुजींच्या बायकोला घेऊन आपण दोन तास रस्त्यात उभे. इथल्या हॉस्पिटलच्या दारात ती गेली. तू मला एक शब्द बोलली नाहीस, तेच सलतंय.

तुझा,
भाऊ

ता. १५ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

कागदावरचे ऑइलचे डाग बघूनच पत्र कुणाचं ते कळलं! टाकी बसव, पण सांधे दोनदा तपास. मागे पेशंट झोपतो, डिझेलच्या वासाने त्याला मळमळतं.

मी बोलले नाही, कारण काही सुचलंच नाही. दोन तास आधी पोचलो असतो तर ती वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तुझ्या समाधानासाठी खोटं लिहिणार नाही. गुरुजी शाळेत जातात, दवाखान्याच्या फाटकापर्यंत येतात आणि परत फिरतात. तुझा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

जिवाला जप. माया आहेच.

ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू माझ्या गाडीतून पाठवलेल्या गवंड्याचा पाय वाचला. हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय.

तुला दुसरा पेशंट सोडता येईना म्हणून तू सोबतीला गुरुजींना माझ्या शेजारी बसवलंस, तेव्हा मनातल्या मनात तुला चार शब्द ऐकवले. तीनशे किलोमीटर आलो. मग डिझेलचा काटा शून्यावर आला. टाकी नवी, पण आतला डिझेल मोजणारा तरंगता गोळा जुन्या टाकीच्या मापाचा; निम्मं उरलं तरी काटा तळाला टेकतो. हे मला पाठ होतं, तरी विश्वास बसेना. दोनदा थांबलो, उतरून टाकी ठोकून पाहिली. मागे गवंडी विव्हळत होता.

तिसऱ्यांदा ब्रेकवर पाय गेला तेव्हा गुरुजींनी विचारलं, हिच्यात मावतं किती? मी सांगितलं. त्यांनी मांडीवर बोटाने हिशेब मांडला, पुन्हा मांडला. मग खिशातला रुमाल काढून त्या काट्यावर खोचला आणि म्हणाले, पुरतंय, तू रस्त्याकडे बघ.

पोचल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते स्ट्रेचर धरायला पुढे झाले. परवा परत निघतोय. आताच येऊन त्यांनी विचारलं, तुझ्या शेजारची जागा मोकळी आहे ना?

लोभ आहे तसाच राहू दे.

भाऊ