पाहुण्यासाठी भाकरी

सोनपेठ, मंगळवार, जानेवारी १९७४

स्पॅनिशच्या पुस्तकात आज जे नाही ते बोलायची रूपं आली. असतं तर, आलं असतं तर. मोठ्यानं म्हणा, असं लिहिलंय, म्हणून स्पॅनिशमध्ये म्हणत बसले, "तू इथं असतास तर आपण सोबत जेवलो असतो." हे वारल्यापासून घरात एवढा आवाज झालाच नव्हता. आणि त्यांना चक्क तू म्हटलं मी! मराठीत जमलं असतं?

तेवढ्यात शेजारची सखू दारात. "बाई, पाहुणे आलेत ना? कवाच्या बोलायलाव! म्हणलं, दोन भाकरी जास्तीच्या टाकाव्या."

खरं सांगायची लाज वाटली. हो म्हणाले.

"मग न्हाई बसत मी," म्हणून ती उंबऱ्यावरूनच फिरली. एरवी घटकाभर बसते. खरं सांगितलं असतं तर आजही बसली असती, कदाचित जेवलीही असती.