कुणावरून ओवाळलं?

९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही ठणठणीत आहोत. अप्पांचं शिवणयंत्र अजून खडखडतं आणि अप्पाही. तुझा खोकला कसा आहे ते खरं सांग, 'बरा आहे' म्हणून माझी बोळवण करू नकोस.

शब्दकोशाचं काम जोरात आहे. परवा माझ्या वाट्याला 'ओवाळून टाकलेला' आला. मी कार्डावर लिहिलं, 'वाया गेलेला, कुणालाही नकोसा माणूस.' आमच्या संपादकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अर्थ बरोबर. पण शब्द आला कुठून?"

"सोपं आहे," मी म्हटलं. "लाडक्या माणसाची पीडा जावी म्हणून त्याच्यावरून काहीतरी ओवाळायचं आणि लांब फेकून द्यायचं."

"मग कुणावरून ते लिही की. उगाच कोण ओवाळतंय?"

अगं बाई! माझा हातच थांबला.

आपलं शिवणाचं दुकान जळालं त्या दुपारी अप्पा सगळ्या नातेवाइकांसमोर तुला हेच म्हणाले होते. 'हा ओवाळून टाकलेला आहे, पुन्हा उंबरठा चढायचा नाही.' मग काकांनी नाही की आत्याने नाही, कुणीच तुला दारात उभं केलं नाही. तू हूं की चूं केलं नाहीस.

आणि इस्त्री चालू ठेवून मागच्या खोलीत गोष्टीचं पुस्तक वाचत बसले होते मी. तू कानात म्हणालास, "गप्प बस, भित्री भागूबाई. माझं नाव तसंही खराबच आहे, त्यात आणखी एक." आणि मी बसले की गप्प! तेवीस वर्षं. तुला महिन्याला पत्र लिहिलं, पण ह्याबद्दल चकार शब्द नाही. लाज वाटते रे.

काल जेवताना अप्पांना सगळं सांगितलं. आवाज कापला नाही, माझं मलाच नवल वाटलं. अप्पा घास तसाच ठेवून उठले, टेप गळ्यात अडकवून यंत्रापाशी पाठमोरे उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "त्याचा खांदा तेव्हा सोळा इंच होता. आता किती असेल गं?"

"मला काय माहीत?"

"मग बोलाव त्याला. पत्रावर माप घेता येत नाही."

तेव्हा ये. नाही आलास तर कान धरून आणीन. माफी मी समोर उभी राहून मागणार आहे, कागदावर नाही.

जिच्यावरून तू ओवाळला गेलास ती,
भागूबाई
('भित्री' मी खोडलंय.)