कोपऱ्यातला आकडा

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. फोन असताना पत्राचा खटाटोप कशाला, असं तू म्हणशीलच. पण मी फोनवर असते तेव्हा हे शेजारीच असतात, आणि आमच्या घरात भिंतींना कान असायची गरजच नाही.

सध्या माझ्यापुढे यक्षप्रश्न आहे तो असा, की स्क्रीन केवढी घ्यायची? हसू नकोस. हे ज्या संगीत हॉलचे पियानो जुळवतात, तिथल्या नव्या मॅनेजरबाईंनी नियम केलाय, की पियानो जुळवला की मशीनवर त्याची नोंद हवी, नुसता कान चालणार नाही. आता जुनं मशीन बदलायचं म्हणून त्यांनी ह्यांना फॉर्म दिला: लहान, मध्यम की मोठी? जन्मापासून ज्याला दिसत नाही त्या माणसाला! ह्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, मला काय, भिंतीएवढी घेतलीस तरी सारखीच.

तर सध्या आमचा संसार असा चाललाय. हे तार ओढतात, स्क्रीनवर रेघा डावी-उजवीकडे सरकतात आणि मी मशीनवर वाकून सांगते: चढलाय, उतरलाय, थांबला. एका पियानोला सव्वादोनशे तारा, आणि हॉलचे पियानो सहा. सरावाच्या खोल्यांना खिडक्या नाहीत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दारालाही आतून गादी ठोकलीय. ते दार लागलं की माझ्या छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. ड्रायव्हिंग शाळेत मी शिकवायचे तेव्हा नवशिक्या बायका भर चौकात गाडी बंद पाडायच्या, मागून शंभर हॉर्न वाजायचे, मी जीव मुठीत धरून बसायचे. पण समोर रस्ता तरी होता. ती नोकरी सोडून आठ महिने झाले. मला त्या खोलीत राहवत नाही, ताई. हे मी अजून कुणाला बोलले नव्हते.

ह्यांचं म्हणणं, मोठीच घे, पाटीएवढी. तुला वाकावं लागणार नाही, खुर्चीत बसून वाचशील. किती मायेने म्हणाले! आणि मला रडूच फुटलं, कारण खुर्ची आली म्हणजे मी तिथे कायमची आले.

पहिले तीन महिने असं नव्हतं. हे आपल्या कानाने जुळवायचे, मी शेवटी पाच मिनिटं मशीन धरायची, झाली नोंद. उरलेला वेळ मी बाहेर पायरीवर चहा पीत बसायची. मग एक दिवस मशीन प्रत्येक तार उतरलेली दाखवायला लागलं. ह्यांनी विचारलं, कोपऱ्यात आकडा काय आहे? मशीन मूळ सुराच्या कोणत्या मापाला धरून बोलतंय ते तो आकडा सांगतो, आणि असतो मुंगीएवढा. मला तो दिसलाच नाही. लांबच्या ट्रकचा नंबर मी अजून घडाघडा वाचते, पण हाताजवळचं वर्षभर पुसट झालंय. तू म्हणशील, मग चष्मा लावायला काय धाड भरली होती? पण आमच्या घरात डोळ्यांची एकच जोडी आहे गं. तीही अधू झाली हे ह्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? मी ठोकून दिलं: चारशे चाळीस, नेहमीचंच.

हे मशीन म्हणेल तशी तार चढवत गेले, आणि मग कायम चारशे चाळीसचाच सूर देणारा नादकाटा गुडघ्यावर आपटून बराच वेळ कानाशी धरत राहिले. मग हळूच म्हणाले, काट्यात आणि तारेत मला न जुळलेल्या सुरांच्या लाटा ऐकू येताहेत, आणि मशीन म्हणतंय सगळं जागेवर आहे. म्हणजे लाटा माझ्याच कानात आहेत. तो काटा त्यांनी पुन्हा बाहेर काढला नाही. तेव्हापासून एकेका तारेला मला विचारतात. तीस वर्षं जुळवणारा माणूस, ताई, परीक्षेला बसल्यासारखा माझ्या तोंडाकडे कान लावून बसतो.

नऊ दिवसांपूर्वी फॉर्म भरायचा म्हणून मशीन घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने हॉलच्या मशीनवरचं सगळं तीन स्क्रीनवर उतरवलं आणि काउंटरवर ओळीने मांडलं. लहान स्क्रीनवर मला नुसता ठिपका दिसला, मधल्या स्क्रीनवर गिचमिड, आणि पाटीवर ठसठशीत: चारशे बेचाळीस. पाहुण्या वादकांसाठी कुणीतरी माप चढवलं आणि ते तसंच राहिलं. काटा खरा होता, लाटाही खऱ्या होत्या. त्या खोलीत खोटी मी एकटी होते.

आणि तरी गेले नऊ दिवस मी रोज तिथे उभी राहून चढलाय, उतरलाय म्हणतेच आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गुपचूप आकडा बदलून टाकावा असंही एकदा मनात आलं. ह्यांना कधीच कळलं नसतं, आणि हे जन्मभर मला विचारत राहिले असते.

तुझ्या शाळेचा पियानो हे दरवर्षी जुळवतात, पण तिथे मशीन नाही, म्हणून ह्या वर्षी हे एकटे यायला घाबरत होते. तू चल, असं तीनदा म्हणाले. मी ताप आल्याचं सांगितलं, ताप नाही. घरात येणारा प्रत्येक कागद मी ह्यांना वाचून दाखवते, पण हा एक माझ्याने वाचवणार नाही, म्हणून ह्यांच्याच पिशवीतून तुझ्याकडे पाठवलाय. ह्यांनी पियानो उघडायच्या आधी ह्यांना समोर बसव आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. त्या खोलीचं आणि माझ्या छातीचंही वाच, काही गाळू नकोस. अहो, ऐकताय ना? मी चष्मा करायला टाकलाय, आणि एक तारखेपासून गाडीवर परत जातेय. नोंदीपुरती पाच मिनिटं हॉलमधलं कुणीही उभं राहील. स्क्रीन केवढी ते त्यालाच विचारा. रागावला असाल तर घरी येऊन रागवा, मी दारातच आहे. पण आज तिथे तुम्हाला सांगायला कुणी नाही. तुम्हाला जे ऐकू येतंय तेच बरोबर आहे, तसा जुळवा.

तुझीच,
धाकटी